कालपर्यंत चालणारी कमांड आज का अडते? फॉक्सप्रोच्या लपलेल्या मर्यादा शोधायची पद्धत



जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल हा एक चांगला छोटा व्यवसाय आहे, हे आपण या मालिकेत बघतोय. मागच्या भागात ग्राहक कसा शोधायचा ते पाहिलं. आजचा भाग कामाचा आहे. ग्राहकाचा फोन येतो, "अहो, काल चालत होतं, आज चालत नाही. आम्ही काहीच बदललं नाही." अशा वेळी कुठून सुरुवात करायची, हे आज शिकू.

उदाहरणासाठी फॉक्सप्रो घेतोय. दोन कारणं आहेत. एक, आपल्याकडे दुकानं, आडती, छोटे कारखाने इथं बिलिंगचे, पगाराचे आणि उधारीचे फॉक्सप्रोमधले प्रोग्रॅम अजूनही चालू दिसतात. दोन, ही भाषा आता नवीन होत नाही. अमेरिकेतल्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीकडून मायक्रोसॉफ्टनं ती १९९२ साली विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली. पुढची आवृत्ती येणार नाही, हे कंपनीनं २००७ मध्ये सांगून टाकलं आणि जानेवारी २०१५ मध्ये अधिकृत सपोर्टही संपला. म्हणजे अडचण आली तर कंपनीला विचारायची सोय नाही. ग्राहक तुम्हालाच विचारणार. तुमचा धंदा तिथंच आहे.

एक सूचना. कमांड्सची नावं इथं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

मर्यादेचा आजार कसा ओळखायचा?

प्रत्येक भाषेत प्रत्येक कमांडला कुठं ना कुठं भिंत असते. किती किमती देता येतील, वाक्य किती लांब चालेल, फाइल किती मोठी होईल. काही भिंती मदतपुस्तकात ठळक लिहिलेल्या असतात. काही लिहिलेल्या असतात पण भलत्याच पानावर. काही तर वापरणाऱ्यांनी धडकून धडकूनच शोधल्या आहेत.

खरी गोची म्हणजे भिंतीला धडकल्यावर येणारा संदेश. "इथं २४ ची मर्यादा आहे" असं तो कधीच सांगत नाही. तो सिंटॅक्सची चूक म्हणतो, किंवा कमांड ओळखता येत नाही म्हणतो. मग आपण स्पेलिंग तपासत बसतो, स्वल्पविराम मोजत बसतो, शेवटी विंडोज नव्यानं टाकतो. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे.

म्हणून ही तीन लक्षणं लक्षात ठेवा:

१. कोडमध्ये काही बदललेलं नाही, पण धंदा वाढलाय. ग्राहक वाढले, माल वाढला, बिलाची रक्कम वाढली.

२. थोड्या डेटावर तीच कमांड चालते, जास्त डेटावर अडते.

३. अडचण नेमकी सीझनमध्ये येते. दिवाळीच्या आधी, मार्चअखेरीला, लग्नसराईत.

यातली दोन जुळली तर आधी मर्यादेचा संशय घ्या. स्पेलिंग नंतर.

पहिलं उदाहरण: पंचविसावा ग्राहक

समजा, तुमचा ग्राहक इचलकरंजीतला सुताचा व्यापारी आहे. त्याच्याकडे व्हिज्युअल फॉक्सप्रो ६ मधला उधारीचा प्रोग्रॅम आहे. स्क्रीनवर पार्ट्यांच्या नावापुढं टिक करायची आणि बटण दाबायचं, की त्या पार्ट्यांची बाकी यादीत येते. पूर्वी दहा-पंधरा पार्ट्यांकडे वसुली असायची. यंदा दिवाळीआधी १४० पार्ट्यांना पत्रं पाठवायची आहेत. बटण दाबलं की एरर. शेठ म्हणतात, पत्रं शनिवारच्या आत गेली नाहीत तर वसुली थेट दिवाळीनंतर, आणि कामगारांचा बोनस मात्र दिवाळीआधी द्यायचाय.

तुम्ही कोड उघडता. आत असं लिहिलंय: टिक केलेल्या पार्ट्यांचे कोड स्वल्पविरामानं जोडून एक लांब यादी बनवायची, आणि ती यादी सिलेक्ट कमांडच्या व्हेअरमध्ये इन च्या कंसात टाकायची. कोडमध्ये चूक दिसत नाही, कारण कोड चुकलेलाच नाही.

आता अंदाज बांधायचे नाहीत. मोजायचं.

निम्म्यानं कमी करत जायची पद्धत

पायरी १: डेटाची कॉपी घ्या. चालू डेटावर प्रयोग कधीही करायचा नाही. पूर्ण फोल्डर दुसरीकडं कॉपी करा आणि तिथंच काम करा. हा नियम पाळत नसाल तर कृपया या व्यवसायात पडू नका.

पायरी २: अडणारी एकच कमांड बाजूला काढा. फॉर्म, बटण, प्रिंटर हे सगळं सोडा. कमांड विंडोमध्ये फक्त तेवढी कमांड चालवा. तिथंही अडली तर प्रिंटर निर्दोष सुटला.

पायरी ३: आकडा निम्मा करत जा. १४० वर अडतं. ७० करा, अडतं. ३५ करा, अडतं. १७ करा, चाललं! म्हणजे भिंत १७ आणि ३५ च्या मध्ये आहे. मधला २६ घ्या, अडलं. २१ चाललं. २३ चाललं. २४ चाललं. २५ अडलं.

आठ चाचण्या झाल्या. दहा मिनिटांचं काम. आता तुमच्या हातात "कधीकधी अडतं" अशी तक्रार उरली नाही, "२४ ला चालतं, २५ ला अडतं" असं ठाम वाक्य आलं.

पायरी ४: उलटतपासणी करा. इथं पुष्कळ जण घाई करतात. २५ वर अडलं याचा अर्थ मर्यादा २४ असाच होतो का? कदाचित यादीतल्या पंचविसाव्या पार्टीचा कोडच खराब असेल, त्यात अवतरणचिन्ह घुसलं असेल. म्हणून तीन गोष्टी करा. ती पंचविसावी पार्टी एकटी घेऊन कमांड चालवा. वेगळ्याच २४ पार्ट्या घ्या. मग वेगळ्याच २५ घ्या. एकटी पार्टी चालते, कुठल्याही २४ चालतात, कुठल्याही २५ अडतात, असं दिसलं तर दोष संख्येत आहे. पंचविसावी पार्टी एकटीही अडली तर दोष डेटात आहे, मर्यादेची गोष्ट विसरा.

पायरी ५: लांबी आणि संख्या वेगळ्या करा. २५ कोड म्हणजे कमांडची लांबीही वाढली. मग भिंत संख्येची की अक्षरांची? एक-एक आकडी कोड घेऊन बघा, मग आठ-आठ आकडी घेऊन बघा. दोन्ही वेळा २५ वरच अडलं तर लांबीचा संबंध नाही.

पायरी ६: तारीख, आवृत्ती आणि आकडा वहीत लिहा. आवृत्ती बघायला व्हर्जन हे फंक्शन आहे. त्याला ५ हा आकडा दिला की आवृत्ती ९ वर ९०० आणि आवृत्ती ८ वर ८०० असं उत्तर येतं. मर्यादा आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून ही नोंद हवीच.

मग २४ कुठून आलं?

व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत इन च्या कंसात २४ च किमती चालतात. आवृत्ती ९ मध्ये ही मर्यादा काढली. पण आपल्या लोकांकडे ६ च्या आवृत्तीत बनवलेले प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे भिंत अजून उभीच आहे.

याचाच एक भाऊ आहे, इनलिस्ट हे फंक्शन. फिल्टर लावताना प्रोग्रॅमर ते सर्रास वापरतात. शोधायच्या किमतीशिवाय त्यात २४ च किमती देता येतात, आणि ही मर्यादा आवृत्ती ९ मध्येही तशीच आहे. म्हणून "९ वर आणलं की सगळं सुटेल" असं ग्राहकाला सांगू नका. आधी कोडमध्ये इनलिस्ट शोधा.

शिवाय ९ मध्ये इन ची २४ ची भिंत गेली, तरी मागं दुसरी भिंत आहे. व्हेअर आणि फॉर यांच्या अटी किती गुंतागुंतीच्या असू शकतात यावर एक सेटिंग आहे, सिस ३०५५. ते मुळात ३२० असतं, आठच्या पटीत वाढवत २०४० पर्यंत नेता येतं. यादी फार मोठी झाली की एसक्यूएल फार गुंतागुंतीचं आहे असा एरर येतो. सेटिंग वाढवलं की काम चालतं. पण पुढच्या वर्षी पार्ट्या आणखी वाढल्या की पुन्हा फोन. आणि तिसरी भिंत त्याच्याही मागं: एक कमांड जास्तीत जास्त ८१९२ अक्षरांची. सहा आकडी कोड आणि एक स्वल्पविराम धरला तर साधारण साडेअकराशे पार्ट्यांच्या आसपास ती लागते.

बघा, एका भिंतीमागं दुसरी, दुसरीमागं तिसरी. धडका देत बसण्यापेक्षा रस्ताच बदललेला बरा.

उपाय: माल टेबलात ठेवा, कमांडमध्ये कोंबू नका

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कमांड म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीत "गोदामातला तिसऱ्या रॅकचा माल आण" एवढं लिहायचं. मालच पाकिटात भरायला गेलात तर पाकीट फाटणार.

म्हणजे काय करायचं? टिक केलेल्या पार्ट्यांचे कोड एका तात्पुरत्या टेबलात, म्हणजे कर्सरमध्ये टाका. क्रिएट कर्सर कमांडनं एका कॉलमचा कर्सर बनवा, इन्सर्ट कमांडनं एकेक कोड आत घाला. मग उधारीचं टेबल आणि हा कर्सर यांना इनर जॉइननं जोडा. इन च्या कंसातली यादी काढून टाका.

आता पार्ट्या २५ असोत की अडीच हजार, कमांड तेवढीच, तीन ओळींची. मोठ्या टेबलावर कोडचा इंडेक्स असेल तर वेगही चांगला मिळतो. एवढी काळजी घ्या की कर्सरमधल्या कोडचा प्रकार आणि रुंदी मूळ टेबलासारखीच असावी. एकीकडं कॅरेक्टर आणि दुसरीकडं न्यूमरिक असेल तर नवंच दुखणं सुरू होईल.

काही जण झटपट उपाय करतात. २४-२४ चे गठ्ठे करून कमांड सहा वेळा चालवतात. शनिवारची पत्रं काढायला एकदा केलं तर चालेल, शेठची अडचण आधी सुटली पाहिजे. पण तोच कायमचा उपाय म्हणून देऊ नका. गठ्ठे जोडताना एखादा राहिला तर एरर येत नाही, फक्त काही पार्ट्यांना पत्र जात नाही. आणि ज्याला पत्र गेलं नाही तो पैसे घेऊन आपणहून येत नाही!

दुसरं उदाहरण: पत्रात एक ओळ वाढवली

त्याच व्यापाऱ्याचं वसुलीचं पत्र इंग्रजीत आहे आणि ते थेट प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलंय. शेठ म्हणतात, खाली जीएसटी नंबर आणि बँकेचा तपशील घाला. तुम्ही एक ओळ वाढवता आणि एरर येतो: कमांड कंटेन्स अनरेकग्नाइज्ड फ्रेज/कीवर्ड. म्हणजे "या कमांडमधला शब्द ओळखता येत नाही." आता तुम्ही तो न ओळखलेला शब्द शोधत बसणार, आणि तो सापडणार नाही.

मदतपुस्तकात मर्यादांचा तक्ता आहे. त्यात लिहिलंय की एका व्हेरिएबलमध्ये १,६७,७७,१८४ अक्षरं मावतात. ते खरंच आहे. पण अवतरणचिन्हांत सरळ टाइप केलेला मजकूर २५५ अक्षरांपर्यंतच चालतो. पोतं मोठं आहे, पण तोंड अरुंद आहे!

इथंही तीच पद्धत. मजकूर निम्मा करा, चाललं. वाढवत जा. २५५ ला चाललं, २५६ ला अडलं. मग उलटतपासणी: सगळा मजकूर काढून नुसती २५५ वेळा "ए" अक्षरं टाका, मग २५६ वेळा टाका. शब्दांचा काही संबंध नाही, हे लगेच कळतं.

उपाय दोन. तात्पुरता उपाय म्हणजे मजकुराचे तुकडे करून अधिकच्या चिन्हानं जोडणं. कायमचा उपाय म्हणजे पत्राचा मजकूर प्रोग्रॅममधून बाहेर काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणं आणि फाइल टू स्ट्रिंग या फंक्शननं वाचणं. आता पत्रात शब्द बदलायला शेठना तुमची गरज नाही. "मग माझं उत्पन्न जाईल ना?" असं काही जणांना वाटेल. उलट आहे. एक शब्द बदलायला फोन करावा लागतो म्हणून ग्राहक कंटाळतो. ज्यानं त्याला मोकळं केलं त्याला तो पुढचं मोठं काम देतो.

गप्प बसणाऱ्या मर्यादा जास्त धोकादायक

आतापर्यंतच्या भिंतींवर धडकलं की आवाज तरी येत होता. काही मर्यादा आवाजच करत नाहीत. काम झालं असं वाटतं, आणि आकडे मात्र चुकलेले असतात.

पहिली: रकमेचा कॉलम. समजा बिलाच्या रकमेची रुंदी ८ आणि दशांश २ ठेवलेत. बिंदू धरून आठ जागा, म्हणजे ९९,९९९.९९ पर्यंत सगळं ठीक. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा लाखाचं बिल कोणी पाहिलं नव्हतं. आज १,२३,४५६.७५ चं बिल झालं. फॉक्सप्रो लगेच ओरडत नाही. जागा पुरावी म्हणून तो दशांशाचा घर कमी करतो आणि १२३४५६.८ ठेवतो. पाच पैसे वाढले. एका बिलात काही नाही, पण महिन्याची बेरीज सीएच्या आकड्याशी जुळत नाही आणि दोन दिवस फरक शोधण्यात जातात. रक्कम आणखी फुगून पूर्णांकही मावेना, तेव्हा कुठं न्यूमरिक ओव्हरफ्लोचा एरर येतो. म्हणून देखभालीचं काम घेतलं की पहिल्याच दिवशी सगळ्या रकमेच्या कॉलमांची रुंदी तपासा आणि त्या ग्राहकाच्या सर्वांत मोठ्या बिलाशी ताडून बघा.

दुसरी: एक्सेलला डेटा देणं. सीएला विक्रीची यादी एक्सेलमध्ये हवी असते. कॉपी टू कमांडला एक्सएल५ हा प्रकार दिला की फाइल तयार होते. पण जुन्या आवृत्त्यांत ही कमांड १६,३८३ नोंदींवर थांबते, कारण त्या काळच्या एक्सेलमध्ये एका शीटवर १६,३८४ ओळीच असत. एक ओळ शीर्षकाची गेली. वर्षाच्या २०,००० नोंदी असतील तर शेवटच्या साडेतीन हजारांहून जास्त नोंदी फाइलमध्ये नसतात. मार्चचीच विक्री गायब! आणि फाइल उघडणाऱ्याला ती अगदी व्यवस्थित दिसते.

ही फक्त छोट्या दुकानाची गोष्ट समजू नका. २०२० साली सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात, वरच्या नोंदी गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला त्यामुळं उशीर झाला. सरकारी यंत्रणेचं असं होतं, तर आपल्या शेठच्या संगणकाचं काय!

गप्प मर्यादेवर औषध एकच: दोन्हीकडं मोजायचं. टेबलात किती नोंदी आणि फाइलमध्ये किती ओळी. टेबलात बेरीज किती आणि फाइलमध्ये बेरीज किती. दोन आकडे जुळल्याशिवाय फाइल सीएकडं पाठवायची नाही. डेटा जास्त असेल तर सीएसव्ही प्रकारात काढा. आजचं एक्सेल १०,४८,५७६ ओळी घेतं, त्यामुळं बहुतेक छोट्या धंद्यांचं काम भागतं.

तिसरी: फाइलचा आकार. फॉक्सप्रोची एक टेबल फाइल २ जीबीच्या पुढं जाऊ शकत नाही, आणि मेमोची फाइलही नाही. मेमोची फाइल जास्त लवकर फुगते, कारण मजकूर बदलला की जुनी जागा तशीच पडून राहते. डिलीट कमांडनंही नोंद फक्त खूण करून लपवली जाते, जागा सुटत नाही. ती पॅक केल्यावर सुटते. पॅक करण्याआधी बॅकअप घ्या आणि दुकानातल्या बाकी सगळ्या संगणकांवरचा प्रोग्रॅम बंद करा, कारण टेबल एकट्याच्या ताब्यात असल्याशिवाय पॅक होत नाही. दर महिन्याला फाइलचे आकार वहीत लिहीत गेलात तर भिंत किती महिने लांब आहे हे आधीच सांगता येतं. २ जीबी गाठल्यावर सांगणारा मेकॅनिक असतो, वर्षभर आधी सांगणारा सल्लागार असतो. दोघांच्या बिलात फरक पडतो.

ओळखीचे आकडे

भिंत मोजून आकडा मिळाला की या यादीत बघा. बहुतेक वेळा ओळख पटते.

- २४: इनलिस्टच्या किमती, आणि जुन्या आवृत्त्यांत इन च्या किमती.
- २५४: एका कॅरेक्टर कॉलमची कमाल रुंदी.
- २५५: अवतरणचिन्हांतला मजकूर, तसंच एका टेबलातले कमाल कॉलम.
- १०: सुट्या टेबलातल्या कॉलमच्या नावाची अक्षरं. लांब नावं कापली जातात.
- ८१९२: एका कमांडची अक्षरं.
- १६,३८३: जुन्या एक्सेल प्रकारात जाणाऱ्या नोंदी.
- २ जीबी: एका फाइलचा आकार.

यात न बसणारा आकडा मिळाला, समजा ३७ किंवा ६११, तर पुन्हा पायरी ४ वर जा. भाषेच्या मर्यादा बहुधा अशा अध्येमध्ये पडत नाहीत. तिथं डेटाच खराब असण्याची शक्यता जास्त. किंवा आधीच्या प्रोग्रॅमरनं ॲरे बनवताना स्वतःच एक आकडा ठरवून टाकलेला असतो. "५० पेक्षा जास्त पार्ट्या कशाला लागतील?" असं त्याला तेव्हा वाटलं असेल. कोडमध्ये तो आकडा शोधला की सापडतो.

याचा व्यवसाय कसा करायचा?

एक. निदानाचे पैसे वेगळे सांगा. "बघतो, झालं तर द्या" असं म्हणू नका. मर्यादा शोधणं हेच खरं काम आहे, बदल तर पाच ओळींचा असतो. पाच ओळींचे पैसे मागितले तर शेठना जास्त वाटतात. "काय बिघडलं, कशानं बिघडलं आणि पुढं कधी बिघडेल याचा लेखी अहवाल" असं म्हटलं की किंमत समजते.

दोन. अहवाल मराठीत आणि अर्ध्या पानात लिहा. नमुना असा: "२४ पार्ट्यांपर्यंत यादी निघते, २५ पासून अडते. कारण या आवृत्तीतल्या कमांडची मर्यादा. तुमचा डेटा सुरक्षित आहे. तात्पुरती पत्रं आज काढून दिली. कायमच्या दुरुस्तीला एक दिवस." यातलं तिसरं वाक्य विसरू नका. ग्राहकाला सगळ्यात मोठी भीती डेटाचीच असते.

तीन. सोर्स कोड कोणाकडं आहे, हे काम घेण्याआधी विचारा. ग्राहकाकडं कोड नसेल तर मूळ प्रोग्रॅमरची संमती घेऊनच पुढं जा. डेटाच्या फाइली उघडून वेगळा रिपोर्ट काढून देणं मात्र बऱ्याचदा कोडशिवायही जमतं.

चार. "नवीन सॉफ्टवेअर घ्या" हा सल्ला भीती घालून देऊ नका. २४ च्या भिंतीसाठी अख्खा प्रोग्रॅम टाकून द्यायची गरज नाही. पण फाइल २ जीबीकडं चाललीये, कोड कोणाकडंच नाही, किंवा बिलं मराठीत छापायची आहेत आणि फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही, अशी कारणं असतील तर स्पष्ट सांगा आणि बदलायला पुरेसा वेळ द्या. ऐन सीझनमध्ये बदल करू नका.

पाच. मर्यादांची वही ठेवा. प्रत्येक ग्राहकाकडं सापडलेली भिंत, आवृत्ती, उपाय. दुसऱ्या ग्राहकाकडं तीच अडचण आली की दहा मिनिटांत सुटते. पाच वर्षांनी ही वहीच तुमचं भांडवल असेल.

गृहपाठ

फॉक्सप्रो असेल तर एक रिकामं टेबल बनवा, ३० नोंदी भरा आणि इनलिस्टची भिंत स्वतः मोजा. मग रुंदी ८ आणि दशांश २ चा कॉलम बनवून त्यात १२३४५६.७५ टाका आणि काय उरतं ते बघा. फॉक्सप्रो नसेल तर एक्सेल घ्या. सोळा आकडी नंबर साध्या सेलमध्ये टाइप करा आणि एंटर दाबून शेवटचा आकडा बघा. एक्सेल १५ आकडेच अचूक ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतो. बँकेचा लांब खाते क्रमांक किंवा कार्ड नंबर भरताना सेल टेक्स्ट प्रकारचा का ठेवायचा, ते यातून कळेल.

मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी वर्षभराच्या देखभालीचा करार कसा लिहायचा, त्यात काय घ्यायचं आणि काय स्पष्टपणे वगळायचं, ते बघू.

भेटूया!